आधी उतरा, मग भांडू

हबीबभाऊंनी रेडिओवर कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. याचा अर्थ त्यांना राग येत नव्हता असा नाही. राग आला की ते माइकच्या बटणावरचा अंगठा काढून घ्यायचे, एक आवंढा गिळायचे, आणि मग पुन्हा बटण दाबून बोलायचे. वर आकाशात असलेल्या पायलटला फक्त थोडीशी शांतता ऐकू जायची. आम्ही टॉवरमध्ये उभे असायचो, आम्हाला तो आवंढा दिसायचा.

टॉवर हा शब्द जरा मोठाच आहे. राजुऱ्याच्या अलीकडे एका कारखान्याने कधीकाळी आपल्या साहेबलोकांसाठी धावपट्टी बांधली होती. पुढे ती एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेने भाड्याने घेतली. दुमजली इमारतीच्या गच्चीवर चारी बाजूंनी काचा असलेली एक खोली उभी केली, तिला लोखंडी जिना लावला, आणि तिला सगळे टॉवर म्हणू लागले. एका बाजूला सिमेंटच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वावरं, दूर कोळशाच्या खाणीतून निघालेल्या मातीचे काळे डोंगर, आणि पूर्वेला, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, गडचिरोलीकडच्या जंगलाची निळी रेघ. मी कोरपन्याची. बीएस्सी करून, रेडिओचा परवाना काढून तिथे हबीबभाऊंची मदतनीस म्हणून लागले. घरी सगळ्यांना वाटायचं मी विमानतळावर तिकिटं फाडते.

हबीबभाऊ मूळचे राजुऱ्याचेच. वडिलांचं आणि नंतर मोठ्या भावाचं बांगड्यांचं दुकान. हे धाकटे, शाळा संपल्यावर हवाई दलात गेले आणि आयुष्यभर देशाच्या कुठल्या कुठल्या टोकाला टॉवरमध्ये उभं राहून विमानं उतरवत राहिले. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा घराच्या इतक्या जवळ धावपट्टी असेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. उंच, वाळका माणूस. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा आम्ही ओल्या रुमालाने तोंड पुसत बसायचो, तेव्हाही त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. सकाळी आले की पहिलं काम काचा पुसायचं. माणूस होता त्या कामाला, पण ते त्याला हात लावू द्यायचे नाहीत. जुना पेपर ओला करून चारी काचा आतून स्वतः पुसायचे. सिमेंटची बारीक भुकटी रोज बसायची. मी एकदा म्हटलं, भाऊ, परवाच पुसल्या होत्या. तर म्हणाले, परवाची विमानं परवा उतरली.

रेडिओवर त्यांचं इंग्रजी ठरलेलं, मोजकं, आणि त्याला थोडी आपल्याकडची चाल. माइक खाली ठेवला की लगेच राजुऱ्याची बोली सुरू, मधून मधून हिंदी. प्रत्येक माणूस त्यांना भाऊ आणि प्रत्येक बाईमाणूस बाई. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी पहिल्या दिवसापासून वंदनाबाई. पायलट लोक त्यांना हबीब सर म्हणायचे, बाकी सगळे भाऊ.

रमजानच्या महिन्यात ते रोजे धरायचे आणि कामावरही यायचे. पण दुपार कलायला लागली की माइक माझ्याकडे द्यायचे आणि स्वतः माझ्या मागे उभे राहायचे. मला आधी वाटलं थकत असतील. एकदा विचारलं. म्हणाले, थकवा नाही, पण उपाशी माणसाला राग लवकर येतो, आणि राग आलेल्या माणसाच्या हातात माइक देऊ नये, मग तो माणूस मी का असेना.

त्यांचं एक वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ झालं होतं. वरून एखादा पायलट वाद घालू लागला, मला थांबवलं का, माझा नंबर आधी होता, असं काही बोलू लागला, की ते शांतपणे सूचना पुन्हा सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आधी उतरा, मग भांडू." हे मात्र मराठीत. परप्रांतातल्या पायलटांनाही त्याचा अर्थ कळू लागला होता.

आणि ते खरोखरच नंतर भांडायला वेळ काढायचे. कुणाशी वाद झाला की त्याला वर बोलावून घ्यायचे. आल्याबरोबर पाणी, मग डब्यातलं काहीतरी. थंडीत त्यांच्या पिशवीत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा असायच्या, एरवी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या चाचींनी, केलेली सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी. समोरच्याचं खाऊन होईपर्यंत कोण बरोबर, कोण चूक हा विषय काढायची त्यांची बंदी होती. पोट भरलं की माणसाला आपलीही चूक आठवते, असं त्यांचं म्हणणं. मग पहिला प्रश्न एकच विचारायचे, तुम्हाला तिथून काय दिसत होतं?

कॅप्टन बर्वे पहिल्यांदा तो लोखंडी जिना चढून आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. बर्वे नागपूरहून भाड्याची विमानं चालवायचे. दोन इंजिनांचं मोठं विमान, त्यात कधी कारखान्याचे बडे लोक, कधी पुढारी, कधी रुग्ण. हात फार चांगला, आणि तो चांगला आहे हे त्यांना नेमकं माहीत होतं. त्या दिवशी हबीबभाऊंनी त्यांना उतरायची परवानगी दिली होती. विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत येऊन अगदी खाली आलं होतं, आणि भाऊंनी परवानगी काढून घेतली. गो अराउंड म्हणाले. म्हणजे उतरणं सोडा, पुन्हा वर जा आणि फेरी मारून या. बर्वे वर गेले, पण जाता जाता रेडिओवर बरंच बोलले. विमानात कोण बसलं आहे तेही त्यांनी सांगितलं.

झालं असं होतं की रोह्यांचा एक कळप वावरातून निघून धावपट्टीच्या कडेला आला होता. रोही म्हणजे नीलगाय; घोड्याएवढं जनावर. ती कडेच्या गवतात उभी होती आणि बर्व्यांना वरून फक्त गवत दिसत होतं. कळप हाकलला, विमान उतरलं, साहेबलोक गाडीत बसून गेले, आणि बर्वे वर आले. मला वाटलं भाऊ आता कळपाची गोष्ट सांगतील आणि विषय संपेल. त्यांनी आधी शेंगा पुढे केल्या. बर्व्यांना त्या नको होत्या, पण समोर उभा राहून एक वडीलधारा माणूस शेंगा सोलून खातोय म्हटल्यावर त्यांनीही एक उचलली. मग भाऊंनी त्यांना काय दिसत होतं ते सगळं बोलू दिलं. रिकामी धावपट्टी, हातात परवानगी, आणि अचानक नकार. ऐकून झाल्यावर भाऊ म्हणाले, "मी तुम्हाले थांब म्हटलं, काऊन थांब ते नाई सांगितलं. ते माहं चुकलं. पुढच्या वेळी एक शब्द जास्त बोलीन."

बर्व्यांना भांडायचं होतं आणि समोरून भांडणच येईना. ठीक आहे, एवढं म्हणून ते उठले. मैत्री वगैरे काही झाली नाही. खाली जाताना मला म्हणाले, तुमचे सर जरा जुन्या वळणाचे आहेत. पण त्या दिवसापासून भाऊंनी तो एक शब्द कधी चुकवला नाही. गो अराउंड म्हटलं की पुढे कारण जोडायचे. जनावर. विमान. कुत्रा. मीही तेच शिकले.

रोशनी मडावी आमच्याकडे शिकायला आली ती धानोऱ्याच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावातून. घरी गोंडी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी, असा तिचा प्रवास. आईवडील धानाची शेती करत, उन्हाळ्यात मोहफुलं वेचत आणि तेंदूपत्ता तोडत. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ती पायलट व्हायला आली होती आणि विमान उत्तम उडवायची. तिचे शिक्षक तिच्यावर खूष होते. फक्त हबीबभाऊ नव्हते.

त्यांची तक्रार वेगळीच होती. ही पोरगी कशालाच नाही म्हणत नाही. टॉवरने उंची सांगितली, होय सर. वळायला सांगितलं, होय सर. एकदा भाऊंनी मुद्दाम तिला असं काही सांगितलं जे तिच्या छोट्या विमानाला त्या वाऱ्यात जमणं कठीण होतं, तरी होय सर. उतरल्यावर भाऊ स्वतः जिना उतरून कँटीनमध्ये तिच्यासमोर जाऊन बसले.

"रोशनीबाई, ह्या चहात मीठ टाका."

ती गोंधळली, पण तिचा हात मिठाच्या डबीकडे गेलाच. भाऊंनी डबी उचलून बाजूला ठेवली आणि मग तिला समजावलं. खाली बसलेल्या माणसाला सगळं दिसत नाही. त्याला इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही, वारा अंगावर लागत नाही. तो चुकीचं सांगू शकतो. अशा वेळी पायलटने म्हणायचा एकच शब्द आहे, अनेबल. मला जमत नाही. हा शब्द उद्धटपणा नाही, तो पायलटचा हक्क आहे. नाही म्हणणाऱ्या पायलटपेक्षा मला होय म्हणणाऱ्याचं भेव जास्त वाटतं, असं ते म्हणाले. तुमच्या घरी नाही कसं म्हणतात, हेही विचारलं. ती म्हणाली, हिल्ले. "मग मनात हिल्ले म्हणा अन् तोंडानं अनेबल. पण म्हणा."

नंतर कितीतरी दिवस हा खेळ चालला. जिन्यात, कँटीनमध्ये, भाऊ तिला काहीतरी वेडगळ करायला सांगायचे आणि ती मान खाली घालून, हसू दाबत, अनेबल म्हणायची. मला ते सगळं थोडं पोरकट वाटायचं.

मे महिन्यातली एक दुपार. रोशनी एकटी लांबच्या फेरीवर गेली होती, वैनगंगेपर्यंत. मार्कंड्याच्या देवळांवरून वळून परत यायचं, असा तिचा रस्ता. सकाळी हवा नुसती तापलेली होती, पण दुपारी पश्चिमेकडून वर्धा नदीच्या बाजूने काळं उठायला लागलं. आमच्याकडची ही उन्हाळी वादळं फार वेळ देत नाहीत. आधी धूळ उठते, मग वारा, मग गारा. भाऊंनी जवळच्या सगळ्या शिकाऊ विमानांना बोलावून घेतलं. एकेक उतरलं. रोशनी तेवढी बाहेर राहिली होती, आणि ती परतीच्या वाटेवर असल्याचं तिने कळवलं होतं.

त्याच वेळी बर्वे येत होते. राजुऱ्यातल्या एका शिक्षकांच्या हृदयाचं ऑपरेशन तातडीने हैदराबादला करायचं होतं. त्यांना घेऊन अँब्युलन्स आमच्या इमारतीशी येऊन थांबली होती. बर्व्यांच्या विमानात डॉक्टर होते. वादळ यायच्या आत उतरून रुग्णाला घेऊन निघायचं, अशी त्यांची घाई, आणि ती घाई खरी होती. बर्व्यांनी कळवलं की मी खाणीच्या डोक्यावर आलोय, सरळ उतरायला येतो. खाण म्हणजे अगदी जवळ. रोशनी तेव्हा धावपट्टीच्या बाजूने फेरी मारत उतरायला येत होती. भाऊंनी हिशेब केला, बर्वे आधी. त्यांना परवानगी दिली आणि रोशनीला सांगितलं की थोडं लांबून वळून त्यांच्या मागे ये. तिने होय म्हटलं.

हवेत इतकी धूळ होती की पूर्वेकडे काही दिसत नव्हतं. भाऊ दुर्बीण लावून बर्व्यांचं विमान शोधत होते. ते दिसायला हवं होतं आणि दिसत नव्हतं. दिसलं ते रोशनीचं. ती लांबून वळलीच नव्हती. ती सरळ धावपट्टीकडे वळून खाली येत होती. आणि मग तिच्या मागे, धुळीतून, बर्व्यांच्या विमानाचे दिवे दिसले. पुढे हळू चालणारं लहान विमान, मागे त्याच्या दुप्पट वेगाचं मोठं, आणि दोघांची नाकं एकाच पट्टीकडे.

भाऊंनी रोशनीला सांगितलं, गो अराउंड, मागे विमान आहे.

मग तिचा आवाज आला. लहान होता, पण हलत नव्हता.

"अनेबल."

मी टॉवरमध्ये पुढेही अनेक वर्षं काढली आहेत. अशा वेळी शंभरातले नव्वद लोक काय करतील ते मला आता माहीत आहे. ते विचारतील, का? कारण सांग. भाऊंनी विचारलं नाही. त्यांनी त्याच श्वासात बर्व्यांना सांगितलं, परवानगी रद्द, गो अराउंड, पुढे विमान आहे, ते वर जाऊ शकत नाही.

बर्वे म्हणाले, मला परवानगी दिलेली आहे. माझ्याकडे रुग्णाचं काम आहे, समोर वादळ आहे, त्या लहान विमानाला बाजूला करा.

भाऊंचा अंगठा बटणावरून निघाला. आवंढा गिळला गेला. अंगठा पुन्हा बटणावर. त्यांनी तेच शब्द, त्याच आवाजात, पुन्हा सांगितले. आणि बर्व्यांचं विमान नाक उचलून वर चढलं, उत्तरेकडे वळलं आणि आमच्या काचा हादरवत निघून गेलं. भांडखोर माणूस, पण त्या क्षणी त्याने ऐकलं. हे मी त्यांच्या नावावर कायम जमा धरते.

रोशनी उतरली. चाकं टेकली, विमान थोडं पुढे पळालं, आणि पंखा थांबला. इंजिन बंद. ती धावपट्टीच्या मधोमध उभी राहिली. तेव्हा आम्हाला कळलं की ती का वर जाऊ शकत नव्हती. वर गेली असती तर अर्धमेल्या इंजिनासह सरळ त्या काळ्या भिंतीत शिरली असती.

आता पट्टीवर बंद विमान आणि वर बर्वे. भाऊंनी खाली फोन केला. मेकॅनिक, आग विझवणारे, कँटीनवाला, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, जो मिळेल तो धावला. रोशनी स्वतः उतरून पंखाला खांदा लावत होती. ते विमान त्यांनी हातांनी ढकलत कडेच्या गवतात नेलं. तेवढा वेळ भाऊ बर्व्यांशी बोलत राहिले. विमान हलवतायत. अजून थोडं. वारा आता असा आहे. आता असा झाला. पट्टी मोकळी. उतरा.

बर्वे आडव्या वाऱ्यात उतरले. एक पंख खाली धरून, एक चाक आधी टेकवून, असं सुंदर उतरताना मी फार कमी विमानं पाहिली. ते थांबून इंजिनं बंद करतात न करतात तोच वादळाचा पहिला झोत आमच्या काचांवर आदळला आणि पाठोपाठ गारा.

भाऊंनी माइक माझ्या हातात दिला. वर एकही विमान नव्हतं, तरी दिला. दार उघडून ते बाहेरच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. अंगावर गारा पडत होत्या. शर्ट पाठीला चिकटला होता, तो पावसाने की आधीच, मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने आत आले, टॉवेलने डोकं पुसलं आणि म्हणाले, "झालं बाई. सगळे खाली हायेत."

वादळ जसं आलं तसं गेलं. शिक्षकांना घेऊन बर्वे निघाले. जाताना परवानगी मागितली आणि घेतली, एवढंच. भाऊ त्यांना म्हणाले, परत याल तेव्हा वर या.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या मालकांचा नागपूरहून फोन आला. बर्व्यांनी तक्रार केली होती. टॉवरने दिलेली परवानगी शेवटच्या क्षणी काढून घेतली, रुग्णाच्या कामावर असलेल्या विमानाला वादळाकडे ढकललं. भाड्याची विमानं उतरायची त्या पैशावर संस्थेचं बरंच काही चालायचं. मालकांनी सांगितलं की मी येतो, सगळ्यांना समोर बसवतो, आणि शेखसाहेबांना, म्हणजे भाऊंना, जमत नसेल तर तसंही बघू.

मधले दिवस भाऊ नेहमीप्रमाणे काचा पुसत होते. मीच न राहवून म्हटलं, इंजिन बंद पडलं ते सगळ्यांनी पाहिलंय, इंधनाच्या नळीत कचरा सापडलाय, तुम्हाला कशाची काळजी? ते म्हणाले, नोकरीची नाही. "वंदनाबाई, वरच्या माणसाले मी दिसत नाई. त्याच्यासाठी मी नुसता आवाज हाये. त्या आवाजावरचा भरोसा गेला, तर मी इथी उभा राहून काय करून राह्यलो?" ते पहिल्यांदा मला म्हातारे दिसले.

बैठक खालच्या वर्गात झाली. मालक, बर्वे, भाऊ, रोशनी आणि मी. मालकांनी बर्व्यांना बोलायला सांगितलं. बर्वे तयारीने आले होते. पण भाऊंनी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा, आणि म्हणाले, मी आधी सांगू का?

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. धुळीत दिसत नसताना मी कॅप्टनसाहेबांचा शब्द धरला आणि खात्री केली नाही. खाली काय दिसतंय एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. हे एक. दुसरं सांगायला त्यांना वेळ लागला. "दोघं समोरासमोर आले तेव्हा मी पयले ह्या पोरीले फिर म्हटलं. काऊन? ती शिकाऊ हाये, तिचं विमान लहान हाये, ती वाद घालत नाई. मले जे सोपं होतं ते मी केलं. ती नाई म्हटली म्हणून आज आपण इथी बसलो हावो."

मालकांना भाऊंकडून माफी हवी होती आणि ती मागितल्याशिवायच मिळाली होती, पण वेगळ्याच माणसाला.

मग रोशनी बोलली. मार्कंड्याहून वळल्यापासून इंजिन मधूनमधून खोकत होतं. तिने ते कळवलं नाही. लांबून वळ म्हटल्यावर होय म्हणाली आणि मग इंजिन जास्तच बिघडलं म्हणून न सांगताच आत वळली. भाऊ रागावतील अशी भीती नव्हती, ती म्हणाली, मला वाटत होतं आपोआप बरं होईल.

बर्वे टेबलाकडे पाहत होते. त्यांनी पाणी मागितलं. मी ग्लास दिला. तो पूर्ण पिऊन त्यांनी खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "मी खाणीवर नव्हतो."

मालकांनी विचारलं, म्हणजे?

म्हणजे ते अजून बरेच मागे होते. डॉक्टर मागून सारखे विचारत होते, वादळ समोर दिसत होतं, आणि दूर आहे म्हटलं तर त्या लहान विमानाच्या मागे नंबर लागेल हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी जवळ आहे असं सांगितलं. एवढंसं खोटं, सगळेच कधी ना कधी बोलतात, वेगाने अंतर भरून काढू असं वाटतं. भाऊंनी खरी जागा ऐकली असती तर रोशनीला आधी घेतलं असतं आणि वादच झाला नसता. हे त्यांना त्याच दिवशी हैदराबादच्या वाटेवर कळलं होतं. तरी तक्रार केली, कारण राग आला होता.

मला वाटलं आता भाऊ काहीतरी बोलतील. बोलायचा हक्क त्यांचा होता. त्यांनी फक्त विचारलं, मास्तर कसे आहेत?

ऑपरेशन झालंय, बर्वे म्हणाले. चांगले आहेत.

ते ऐकून भाऊंनी डोळे मिटले आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मालकांनी तक्रारीचं काय करायचं म्हणून विचारलं, तर बर्वे म्हणाले, कसली तक्रार. आणि नंतर, उभं राहता राहता, त्यांनी रोशनीला विचारलं की नाही म्हणायला कुणी शिकवलं. तिने भाऊंकडे पाहिलं. आम्ही सगळे एकदम हसलो, मालकसुद्धा, त्यांना कारण माहीत नसताना. इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं त्या हसण्यात उतरलं. चाचींनी त्या दिवशी मोठा डबा दिला होता. निकाल काही का लागेना, जेवण तर लागेलच, असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे. कॅप्टन बर्व्यांनी सांबारवडी इतकी खाल्ली की भाऊंनी उरलेल्या कागदात बांधून दिल्या.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली. धुळीच्या दिवसांत येणाऱ्याला विचारायचं, खाली काय दिसतंय ते सांगा. नवे पायलट वैतागतात. बर्वे मात्र न विचारता सांगायचे, आणि खरं सांगायचे. रोशनी परवाना घेऊन गेली. आता ती एका कंपनीत मोठं विमान उडवते. शिक्षक बरे होऊन शाळेत रुजू झाले. बाजारात दिसतात, मला ओळखत नाहीत, ओळखायचं कारणही नाही.

भाऊंनी पुढे स्वतःहून काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाले, काही नाही, पाय दुखतात. चाची आणि ते मुलीकडे हैदराबादला राहायला जाणार होते. ते गेल्यानंतर आमची भेट झाली नाही, फोन होतात.

जायच्या आदल्या आठवड्यात ते एकदा दुपारी स्कूटरवरून आले, मागे चाची. इतक्या वर्षांत त्या कधी धावपट्टीवर आल्या नव्हत्या. वर या म्हटलं तर लोखंडी जिना पाहून त्यांनी हात जोडले. मग भाऊंनी त्यांना खालूनच सगळं दाखवलं. बोट करून बराच वेळ काहीतरी सांगत होते. चाचींनी एकदाच काहीतरी विचारलं आणि भाऊ हसले.

ते निघाले तेव्हा मी वर होते. एक शिकाऊ विमान उतरायला येत होतं. मी परवानगी दिली आणि काचेतून पाहिलं. कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर, कापूस फुटलेल्या वावराच्या कडेला, भाऊंनी स्कूटर थांबवली होती. विमान त्यांच्या डोक्यावरून खाली आलं. चाची डोळ्यांवर हात धरून, मान पार मागे टाकून त्याच्याकडे पाहत होत्या. भाऊंनी वर पाहिलंच नाही. ते वाकून, स्कूटरच्या मागच्या चाकाशी अडकलेला चाचींचा पदर हळूच सोडवून घेत होते.